तीसपैकी सव्वीस

५ फेब्रुवारी

मावशी,

पत्र बघून घाबरू नकोस. पैसे नकोत आणि लग्नही ठरलेलं नाही. यंत्रांच्या आवाजाने बधिर झालेले तुझे कान आणि माझी घाई यांचं फोनवर जमत नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्या विद्यापीठाने व्यवसाय शिकणाऱ्या मुलांसाठी या वर्षी एक उपक्रम काढलाय. नाव भारदस्त आहे, 'सामाजिक परिणाम आणि शाश्वतता'. अर्थ एवढाच, की धंदा कसा चालवायचा हे शिकता शिकता त्या धंद्यापायी पाण्याचं, हवेचं आणि माणसांचं काय होतं तेही बघा. चौघांचा गट, एक कारखाना, सहा आठवडे. कारखान्याला अशी एक सुधारणा सुचवायची, जी निसर्गालाही बरी आणि कामगारांनाही. ज्या गटाचा अहवाल पहिला येईल त्याच्या प्रमुखाला वर्षभराची फेलोशिप. आणि प्रमुख कोण? तुझी भाची!

आमच्या वाट्याला कुठला कारखाना आला असेल? तुमचाच, टॉवेलचा! हाच द्या म्हणून मी आमच्या शिकवणाऱ्या मॅडमना जवळजवळ हातच जोडले होते. तीस कामगारांना भेटून प्रत्येकाकडून एक प्रश्नपत्रिका भरून घ्यायची आहे. ते काम मी माझ्याकडे घेतलंय, कारण आत तू आहेस. इतर तिघं पाण्याचा आणि विजेचा हिशेब बघतील.

दोन दिवस तुझ्याकडे राहीन. जमिनीवर झोपेन, पण तुझं घोरणं सहन करणार नाही.

तुझी भाची

१४ फेब्रुवारी

मॅनेजरीणबाईंना मावशीचे आशीर्वाद.

ये हो, ये. घोरते मी नाही, घोरायचे तुझे काका. ते गेले तरी आळ माझ्यावरच!

ऑफिसातल्या साहेबांनी तुमच्या गटाचं आधीच सांगून ठेवलंय. परवा सगळ्यांना उभं करून म्हणाले, विद्यार्थी येतील, मोकळेपणाने बोला. आता साहेब समोर उभे राहून मोकळेपणाने बोला म्हणाले की माणसाच्या तोंडाला कुलूपच लागतं. पण तू घरची आहेस, तुझ्याशी बोलतील.

माझी पाळणाघराची खोली तू लहानपणी पाहिलीस, ती अजून तशीच आहे. रंगखात्याच्या पाठीला लागून. पूर्वी तिथे सूत धुवायचे, म्हणून मोठा नळ आहे आणि जमिनीला उतार. पोरांचं धुणंपुसणं करायला याच्यासारखी सोय नाही. माझ्याकडे फार वेळ काढू नकोस बाई. सहाच तर मुलं. हजेरीची वही हवी तर बघ, अगदी स्वच्छ आहे.

त्यापेक्षा घडीखात्यात जा. तिथे माझी मैत्रीण आहे, तिला सगळे घडीवालीच म्हणतात. दिवसाला सहाशे टॉवेलांच्या घड्या घालते आणि एकही कोपरा वाकडा जात नाही. अकरा वर्षं आम्ही एका डब्यात जेवतोय. बोलायला फटकळ आहे, साहेबालाही तोंडावर ऐकवते. पण तिला भेटल्याशिवाय परत गेलीस तर याद राख.

येताना तुझ्या आईकडून माझी छत्री आण. चार वर्षं झाली, आता ती तिला स्वतःचीच वाटायला लागली असेल.

मावशी

२४ मार्च

मावशी,

पहिले आलो! आमचा गट पहिला! फेलोशिप मला मिळाली. आईने फोनवर आधी विचारलं, जेवलीस का, आणि मग रडली.

आमची सूचना कारखान्याने मान्यही केली. रंगखात्यातून रोज चाळीस हजार लिटर रंगीत पाणी नाल्यात जातं. ते गाळून पुन्हा वापरायचं यंत्र बसवणार आहेत. नाल्याच्या खालच्या वस्तीतल्या विहिरी सुधारतील. बक्षीस देताना आमच्या मॅडम म्हणाल्या, या गटाने कामगारांचं म्हणणं नीट ऐकलं, हे मला सगळ्यात आवडलं. मला तिथे उभं राहायला कसंतरीच झालं, पण टाळ्या वाजत होत्या.

तुझ्यामुळे झालं सगळं. तू आत नेलंस म्हणून. सगळ्यांशी छान बोलणं झालं. तुझी घडीवालीही भेटली, किती गोड बोलली! शेवटी मला इतकी घाई झाली की तुझा नीट निरोपही घेता आला नाही. तीन चाळीसची बस गेली असती तर पुढची गाडी चुकली असती.

तुझ्या खोलीत इतकी शांतता कशी असते गं? सहा मुलं आणि आवाज नाही. जादू आहे तुझ्या हातात.

छत्री आईने दिली नाही. म्हणाली, कुठली छत्री?

भाची

३ मे

भाचीबाई,

गेल्या आठवड्यात माझी खोली बंद झाली.

तुला कळलं असेलच, तुमच्याच अहवालात आहे म्हणे. ते पाणी गाळायचं यंत्र बसवायला मोठा नळ आणि उतार असलेली तयार जागा हवी होती, आणि अशी जागा एकच. मी साहेबांना म्हटलं, अहो, मुलं कुठे जातील? त्यांनी माझ्यापुढे तुमचं पान धरलं. तीसपैकी सव्वीस कामगारांनी सांगितलंय, की पाळणाघराची आम्हाला गरज नाही. वर म्हणाले, अहो बाई, तुमच्याच भाचीने विचारलंय सगळ्यांना, आम्ही नाही.

तुझा यात काय दोष? लोकांनी सांगितलं ते तू लिहिलंस. तुझ्या जागी मी असते तरी तेच लिहिलं असतं. आणि पाणी वाचतंय ते चांगलंच आहे, मी काही खुळी नाही.

पण त्यांनी असं सांगावं? तेवीस वर्षं झाली गं. त्यांच्या पोरांची नाकं पुसली, ताप आला तर खांद्यावर टाकून फिरवली. गरज नाही! मला काय वाटलं असेल, कुणाच्या मनात आलं का?

मला पॅकिंगला टाकलंय, लेबलं चिकटवायला. घडीवाली माझ्यापासून तिसऱ्या टेबलावर असते. पहिल्या दिवशी डबा घेऊन आली. मी म्हटलं, मी जेवलेय. पुन्हा आली, मी पुन्हा तेच म्हटलं. आता येत नाही.

एकच सांग. तू तिच्याशी बोललीस ना? ती चार जणांतली की सव्वीस जणांतली? खरं सांग, मी कुणाला बोलणार नाही.

मावशी

१२ मे

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. खोलीचं मी तुला आधी लिहायला हवं होतं. मला वाटलं, कारखाना दुसरी जागा देईल. अहवालात तसं एक वाक्य आहेही, शेवटच्या पानावर.

घडीवालीबाईंचं नक्की काय ते मला आता आठवत नाही. तीस लोक होते गं. आणि उत्तरं कुणाची आहेत ते सांगायचं नाही असा आमचा नियम आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस. लोक प्रश्नाला पटकन काहीतरी उत्तर देतात, त्यामागे तसं काही नसतं. कदाचित त्यांना प्रश्नच नीट कळला नसेल. तू तिच्याशी अबोला धरू नकोस, प्लीज. तिची काही चूक नसेल.

इथे सगळं ठीक. फेलोशिपचं काम जूनमध्ये सुरू होईल. मला छान ऑफिस मिळणार आहे, खिडकीतून झाड दिसतं. यंत्र सुरू झालं की नाल्याचं पाणी खरंच स्वच्छ होईल, हे तरी लक्षात ठेव. ते काही खोटं नाही.

झोप नीट लागत नाही हल्ली. परीक्षांमुळे असेल.

तुझी भाची

१९ जून

बाळ,

आज तुला एक सांगायचंय. सांगितल्यावर तू माझ्याशी बोलशील की नाही कोण जाणे.

घडीवालीला कामावरून काढलं. तिला चार वर्षांची मुलगी आहे. नवरा नाही. खोली बंद झाल्यावर महिनाभर तिने पोरीला शेजारी ठेवलं, मग शेजारीण गावाला गेली. परवा तिने पोरगी टॉवेलांच्या ढकलगाडीत बसवून आत आणली, वर टॉवेल टाकून. दुपारी सुपरवायझरने गाडी ओढली आणि पोरगी उठून उभी राहिली. तो ओरडला, कुणाचं मूल आहे हे? इथे यंत्रं आहेत, हात गेला तर कोण जबाबदार? आणि मग त्याने विचारलं, हिला सांभाळणारं कुणी आहे का इथे?

मी तिसऱ्या टेबलावर होते. मला एवढंच म्हणायचं होतं, की माझ्याजवळ बसवते. पोरगी मला ओळखते, माझ्याकडेच बघत होती. घडीवालीनेही बघितलं. आणि मी लेबल चिकटवलं. मग आणखी एक चिकटवलं. मनात म्हटलं, तुला गरज नव्हती ना? घे आता!

संध्याकाळी तिचा हिशेब करून टाकला.

आता दुसरं ऐक. पाळणाघरात सहा मुलं नव्हती, सतरा होती. कायम कामगारांच्याच मुलांना घ्यायचं असा नियम आहे. कंत्राटी बायकांची अकरा मुलं मी वहीत न लिहिताच ठेवून घेत होते, घडीवालीची त्यातलीच. पाच वर्षं चाललं होतं. तू येणार म्हटल्यावर माझं धाबं दणाणलं. घरची असलीस तरी कागद ऑफिसात जाणार. म्हणून त्या दिवशी अकरा पोरं मी मागच्या टॉवेलच्या कोठारात कोंडून घातली, बिस्किटं देऊन. त्यांच्या आयांना बजावलं, कुणी विचारलं तर पोरांचं नाव काढायचं नाही.

काल लेबलं लावता लावता डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी 'गरज नाही' म्हटलं ते माझ्या सांगण्यावरून! घडीवालीने माझाच शब्द पाळला, आणि मी तिच्यावरच रुसून बसले. दीड महिना तिच्याशी बोलले नाही, आणि वेळ आली तेव्हा मान खाली घातली.

तुझा अहवाल चुकला तो माझ्यामुळे. तू मला जीव लावलास, माझ्याच जोरावर आत आलीस, आणि मी तुझ्यापासून अकरा पोरं लपवली. तुझ्या मॅडमना सांगायचं असेल तर सांग. दोष माझाच आहे.

मावशी

२५ जून

मावशी,

दोष तुझा नाही. हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. आधीची तीन फाडली, कारण प्रत्येकात मी स्वतःला थोडं थोडं वाचवत होते.

मी तीस लोकांशी बोलले नाही. अकरा लोकांशी बोलले. रंगखात्यातले सात पुरुष आणि शिलाईच्या चार कायम बायका. चौघी म्हणाल्या, पाळणाघर हवंच. पुरुष म्हणाले, आम्हाला काय करायचंय. तोवर दोन वाजले होते. मला वाटलं होतं एकेकाला पाच मिनिटं लागतील, पण एकजण तर आपल्या आईच्या गुडघ्याबद्दलच वीस मिनिटं बोलत होता. घडीखातं, पॅकिंग, कंत्राटी बायका, सगळं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी थांबता आलं असतं, तुला दोन दिवसांचं लिहिलंही होतं. पण दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचा वाढदिवस होता. हे लिहिताना मला माझीच किळस येतेय, पण कारण तेच आहे.

उरलेल्या एकोणीस प्रश्नपत्रिका मी होस्टेलच्या खोलीत बसून भरल्या. चार पेनं घेतली, अक्षर बदललं, दोन ठिकाणी मुद्दाम खाडाखोड केली. पाळणाघराच्या प्रश्नाला सगळीकडे 'गरज नाही' लिहिलं. तुझ्या वहीत सहाच मुलं होती, म्हणून मला ते खरंच वाटलं. आणि सोयीचंही होतं. यंत्राला ती जागा हवी होती, अहवाल छान जुळत होता.

तुझ्या घडीवालीला मी कधी पाहिलंच नाही. ती गोड बोलली असं मी तुला लिहिलं, ते धडधडीत खोटं. तू विचारलंस तेव्हा नियम पुढे केला, तोही खोटेपणाच. तुझ्या शब्दामुळे कुणी 'नाही' म्हटलं नाही मावशी. त्या आयांपैकी कुणाला विचारलंच नाही, तर कोण काय म्हणणार? तुझ्या मैत्रिणीच्या तोंडी ते उत्तर मी घातलं.

आणखी एक. त्या दिवशी तुझ्या खोलीत उभी असताना भिंतीपलीकडून कुणी लहान मूल खोकलं होतं. मी ऐकलं. तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं, तू बिस्किटांचा डबा लावत होतीस. विचारलं असतं तर बस चुकली असती.

उद्या मी मॅडमना सगळं सांगणार आहे. आधी तुला. तुला ओरडायचं असेल तर ओरड. गप्प राहू नकोस एवढंच.

भाची

२ जुलै

तुझं पत्र मिळालं.

ओरडायला बसले होते, पण कागदावर ओरडता येत नाही. दोन दिवस घरातली भांडी आपटली. शेजारणीने विचारलं, बरं नाही का? म्हटलं, माझ्या भाचीला फेलोशिप मिळालीय, त्याचा आनंद साजरा करतेय.

चार पेनं घेतलीस! तेवढी मेहनत आणखी एक दिवस राहण्यात घातली असतीस तर? माझ्या घरी, फुकट, जेवणासकट! तू लहानपणी पेन्सिल चोरलीस तेव्हा तुझ्या आईने मारलं आणि मी मध्ये पडले. चुकलंच माझं.

तू माझ्यावरचं ओझं उतरवलंस असं तुला वाटत असेल. उतरलं नाही. वाढलं. आधी मला वाटत होतं, ती माझा शब्द पाळून 'नाही' म्हणाली. आता कळतंय की ती काहीच म्हणाली नव्हती. रोज डबा घेऊन येणाऱ्या बाईला मी फुकटची शिक्षा दिली, तिने न बोललेल्या शब्दासाठी. ते खोटं तुझं. पण लेबल मी चिकटवलं, तू नाही. पोरगी माझ्याकडे बघत होती, तुझ्याकडे नाही.

आता मी सांगते ते कर. रडायचं नंतर. घडीवालीच्या गल्लीतली एक बाई आमच्याकडे शिलाईला आहे, तिच्याकडून कळलं. दवाखान्याच्या धुलाईखान्यात घडीवालीला काम मिळतंय, पण आधी पंधरा दिवस काम बघणार आणि मग ठेवणार. पोरीला ठेवायला जागा नाही म्हणून ती जाऊ शकत नाही. तू ये. माझ्याकडे उतरू नकोस, तिच्याकडे उतर. पत्ता मागे लिहिलाय. तिच्या पायऱ्या चढ, तू कोण ते सांग, काय केलंस ते सांग, आणि पंधरा दिवस पोरगी सांभाळ. तिने हाकललं तर पायरीवर बस.

तुझ्या फेलोशिपचं काय झालं ते मला नंतर कळव. आज मला ते ऐकायचं नाही.

मावशी

२५ जुलै

मावशी,

हे घडीवालीबाईंच्या खोलीत बसून लिहितेय. गल्लीतल्या त्या शिलाईच्या बाई उद्या सकाळी तुझ्या घरावरून जाणार आहेत, त्यांच्या हाती देते. पोरगी झोपलीय. पाय माझ्या मांडीवर आहेत म्हणून अक्षर असं येतंय.

फेलोशिप गेली. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी तीसही प्रश्नपत्रिका टेबलावर मांडल्या आणि म्हणाल्या, यातल्या खोट्या कुठल्या ते मला अजूनही ओळखता येत नाही, याची मला भीती वाटते. मग कारखान्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं, की यंत्र बसलेलं आहे, ते हलणार नाही, पाळणाघरासाठी दुसऱ्या जागेचा विचार करू. मला आता फाटकाच्या आत सोडत नाहीत. म्हणून गेले आठ दिवस संध्याकाळी पोरीला कडेवर घेऊन बसथांब्यावर उभी राहते आणि एकेकीला विचारते. सोळाजणी भेटल्या. सोळाच्या सोळा म्हणाल्या, खोली हवी. मॅडम म्हणाल्या, मार्क मिळणार नाहीत, पण कागद मी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवीन. तुझी अकरा पोरं त्यात लिहायची का, हे तुला विचारल्याशिवाय लिहिणार नाही. या वेळी विचारतेय.

आता इथलं. पहिल्या दिवशी मी जिन्यात उभी राहून घडाघडा सगळं सांगितलं. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, स्वयंपाक येतो का? म्हटलं, थोडा. म्हणाल्या, मग पोरीला भरवायला बस, मला उशीर होतोय. आणि गेल्या!

चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. पाचव्या दिवशी कपडे वाळत घालता घालता एकदम म्हणाल्या, "मला विचारलं असतंस ना, तर मी काय सांगितलं असतं माहितीये? सतरा पोरं आहेत, खोली अपुरी पडते, आणि या बाईला मदतीला आणखी एक बाई द्या."

मी म्हटलं, पण मावशीने तर गप्प राहायला बजावलं होतं.

त्या हसल्या. म्हणाल्या, "तुझ्या मावशीच्या बजावण्याला मी कधी भीक घातलीय? ती घाबरट आहे. मी तुझी वाट बघत होते त्या दिवशी. नीट सांगायचं म्हणून सकाळपासून मनात घोकत होते. तू आलीच नाहीस."

मावशी, मला वाटलं होतं सगळ्यात वाईट जे होतं ते मी तुला पत्रात लिहून टाकलंय. पण सगळ्यात वाईट हे होतं. मी तिथेच ओल्या कपड्यांच्या बादलीशेजारी बसले आणि रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, पुरे आता, चादर पिळायला हात लाव.

काल त्यांचं काम पक्कं झालं. दवाखान्यात पाळणाघर नाही, पण गावाला गेलेली शेजारीण परत आलीय, ती बघेल म्हणते. मी मंगळवारी निघेन. त्यांनी मला माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

मात्र आज त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, मावशीनेच मला पाठवलं. म्हणाल्या, "ते कळलं मला. भाचीला पाठवली, पत्ता पाठवला, सगळं पाठवलं. ती स्वतः का नाही आली?"

मी म्हटलं, तिला तोंड दाखवायची लाज वाटते.

"वाटू दे ना! मलाही वाटली असती. पण मग लाज घेऊन इथे येऊन बसायला काय झालं? घर वीस मिनिटांवर आहे. तू खोटं लिहिलंस, तू आलीस. ती अकरा वर्षं माझ्या डब्यातलं जेवली आणि मी ढकलगाडीजवळ उभी असताना तिने मान खाली घातली. ते काय तू येऊन भरून निघणार आहे?"

तू मला जे करायला लावलंस ते बरोबरच होतं. पण मला पुढे करून तू मागे राहिलीस, हेही खरं आहे.

उद्या तुला सुट्टी आहे, त्यांनाही. तू येशील म्हणून मी कुणाला काही कबूल केलेलं नाही. बाईंनी मात्र आत्ता उद्यासाठी तांदळाचा डबा काढला, चौघींच्या मापाने तांदूळ घेतले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, एक वाजेपर्यंत थांबू, मग जेवून घेऊ.

भाची